बाहेरच्या बाजूला उतार

आगाशिवच्या डोंगरात, जखिणवाडीच्या अंगाला,
एक लेणं आहे. फिरायला येणारे तिथवर येत नाहीत.
वाट सीताफळीच्या झुडपांतून जाते, मग जातच नाही;
शेवटचं पुरुषभर आपण हातांनी चढायचं.

आत दगडी बाक. भिंतीत कोनाडे, सात.
त्यांत विडीची थोटकं, वटवाघळांच्या लेंड्या,
खडूनं काढलेला एक बदाम.
बदामातलं मुलीचं नाव नंतर कुणीतरी खरडून काढलंय.

मी खाली गावात ग्रंथालय चालवते. 'ड' वर्ग.
वर पत्रा, चार कपाटं, एकाला कुलूप लागत नाही.
दाखल नोंदवहीत तीन हजार दोनशे अकरा पुस्तकं,
पैकी दोनेकशे वाळवीनं वाचून संपवली.

यल्लाप्पा रोज दुपारी येतो. पेपर उघडतो,
पान उलटतो, घडी घालतो, ठेवतो.
त्याला वाचता येत नाही, हे दोघांनाही माहीत आहे.
पन्नास वर्षं त्यानं जाती घडवली, उखळं, पाटे, उंबरे.
आता कुणाला काही टाकवून घ्यायचं नसतं.

त्याला मी लेण्यात नेलं. म्हणजे चढताना त्यानंच मला.
टॉर्च मी धरली, पण तो बघेना;
भिंतीवर बोटं टेकली आणि डावीकडून उजवीकडे नेली,
सावकाश, ओळ न गाळता.

"डावखुरा व्हता गडी," पहिल्या कोनाड्याशी म्हणाला.
"हितं दमला. हितं छिन्नी बदलली.
आन् ह्यो कोपरा शिकाऊ पोराचा. घाव बघा, भीतभीत."

मग तळाशी थांबला. तळहात आडवा ठेवला, बराच वेळ.
"बाई, ह्येला उतार हाय. भायेरच्या अंगाला. दोन सूत.
दिव्याला कोण उतार काढतंय? त्याल सांडंल.
देवालाबी न्हाई. देव पाण्याला भीत न्हाई.
पाण्याला भिणारं कायतरी ठेवायचं व्हतं हितं."

दोन सूत.
पायथ्याच्या पाटीवर यातलं काही नाही.
पाटीवर फक्त, भिंत खराब केली तर शिक्षा किती, ते.

रात्री अंथरुणात हिशेब मांडला:
कुणीतरी ती ताडपत्रं घरी नेली, परत केली नाहीत.
दिवसाला दहा पैसे दंड, वर्षं धरा दोन हजार,
झाले त्र्याहत्तर हजार रुपये,
आमच्या अडकलेल्या अनुदानाहून जास्त.
एकटीच हसले.

पण ताडपत्रं होतीच, असं तरी कुठंय?
त्या काळी म्हणे भिक्खू पाठच करायचे सगळं,
याच्याकडे हा भाग, त्याच्याकडे तो.
एखादा तापानं गेला
की तेवढं कपाट रिकामं.

माझ्या आईचा अंगठा. सही नाही.
तरी वंदना, गाथा, सुत्तं, झोपेतून उठवली तरी सुरू;
विहारात पोरं पुस्तकात बघून म्हणायची, ती छताकडं बघून.
हल्ली ती मधेच थांबते. तिसऱ्या-चौथ्या ओळीला.
माझ्याकडे बघते.
मी पदवीधर. मी आधी पुस्तक शोधते.

बुधवारी यल्लाप्पा आला तो पेपरला हात न लावता
खिडकीशी गेला. पावसाळ्यात तिथूनच पाणी आत येतं,
धर्मग्रंथांचं कपाट दर वर्षी मी दोन विटांवर चढवते.
पिशवीतून त्यानं छिन्नी काढली, सुतकी काढली,
खिडकीच्या फरशीवर कान देऊन एकदा टिचकी मारली,
आणि दुपारभर टक टक टक.
दोन वाचक तक्रार करून गेले. शांतता राखा,
असं मीच लिहिलेलं आहे भिंतीवर.

पैसे घेतले नाहीत. चहा घेतला, बशीत.

तो गेल्यावर मी तांब्याभर पाणी
त्या फरशीवर ओतलं.
ते जरासं थबकलं, आत यावं की कसं,
आणि मग बाहेर निघालं.